येळवशीचं ताट आणि मधुमेह

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आली, की धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा परिसरातली घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. भज्जी, आंबील, उंडे, खीर! मधुमेह असलेल्यांची खरी कसोटी तिथंच लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्या जेवणातली 60 टक्क्यांहून जास्त ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. ज्वारीची भाकरी चांगलीच. पण ती कितीही खाल्ली तरी चालते, हा गैरसमज सोडा. भाकरी मोजून घ्या.

आधी काकडी, मुळा, मेथीची पानं खा. मग तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी घ्या. भाकरी शेवटी. या क्रमानं जेवलं, की रक्तातली साखर सावकाश चढते.

गोडाची ओढ बहुधा पोट फार वेळ रिकामं राहिलं की लागते. म्हणून जेवणाची वेळ चुकवू नका. ओढ लागलीच, तर बिनसाखरेचं ताक प्या, मूठभर शेंगदाणे खा, थोडं चालून या. गुळानंही साखर वाढतेच, हे विसरू नका.

मात्र इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना भाकरी-भात मनानं एकदम तोडू नका. साखर 70 च्या खाली गेली, तर दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि तिशी ओलांडली असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या.