मातेचें देणें आणि पवनारची पदयात्रा

आईबापांच्या स्मरणार्थ सायकलीवरून दूरचा पल्ला गांठावयाचा आणि त्यानिमित्त जमेल तें द्रव्य रुग्णांना किंवा अनाथांना द्यावयाचें, अशी चाल हल्लीं पुष्कळ देशांत पडली आहे. वर्धा जिल्ह्याला दूरच्या यात्रा अपरिचित नाहींत. हिंगणघाट येथें जन्मलेल्या बाबा आमट्यांनीं १९८५ सालीं तरुणांचें सायकलपथक कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलें. पण स्मरण, दान आणि लांबचा रस्ता या तिहींचा मेळ पाहावयाचा असेल तर, श्रोतेहो, सायकलही बाजूला ठेवून पवनारच्या आश्रमांतून पायीं निघालेल्या विनोबा भाव्यांकडे वळलें पाहिजे.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई. कोकणांतल्या गागोदें गांवीं घरचा फणस कापला म्हणजे पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरोघर पोंचविण्याचें काम त्या लहानग्या विन्याला सांगत. घरच्यांनीं खावयाचें तें मागाहून. देतो तो देव आणि राखतो तो राक्षस, ही त्यांची शिकवण. एकदां दारीं धडधाकट भिकारी आला. अशाला भिक्षा घालणें म्हणजे आळस पोसणें, असा तर्क मुलानें लढविला. मुलाचा तर्क चुकीचा होता असें नाहीं. पण कोण पात्र आणि कोण अपात्र हें ठरविणारे आपण कोण, असें मातेनें विचारलें, आणि त्यावर मुलाला उत्तर सुचलें नाहीं.

१९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. विनोबा तेव्हां साबरमतीला होते. गांधीजींच्या सांगण्यावरून ते बडोद्यास घरीं आले; पण आई वांचली नाहीं. अंत्यविधि आपल्या हातानें करावा, उपाध्यायाकरवीं नको, असा त्यांचा आग्रह होता. तो वडिलांना मान्य झाला नाहीं, तेव्हां विनोबा स्मशानांत गेलेच नाहींत. पोटच्या मुलाचें हें वागणें अनेकांना कठोर वाटेल, आणि तसें वाटलें तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. मात्र घरांतून निघतांना त्यांनीं दोन वस्तु बरोबर घेतल्या: आईची एक साडी आणि तिच्या पूजेंतली अन्नपूर्णेची मूर्ति. साडी ते रात्रीं उशाला घेत. पुढें खादीचें व्रत घेतल्यावर ती त्यांनीं साबरमतीच्या पाण्यांत सोडली. मूर्ति नित्य पूजेसाठीं आश्रमांतल्या एका बाईंच्या स्वाधीन केली. जवळ राहिलें तें वस्तुरूप नव्हतें.

आईला संस्कृत गीता कळत नसे. वामनपंडितांचें भाषांतरही तिला अवघड गेलें, तेव्हां तूंच कां करीत नाहींस, असें ती मुलाला म्हणाली होती. १९२१ पासून विनोबा वर्ध्याला राहूं लागले. येथेंच १९३० आणि १९३१ या सालांत त्यांनीं ती इच्छा पुरी केली. ग्रंथाचें नांव ‘गीताई’.

८ मार्च १९५१ रोजीं ते पवनारहून पायीं निघाले, ते हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनासाठीं. अंतर सुमारें ३०० मैल, वय पंचावन्न. पुढें तेलंगणांत जमिनीच्या पायीं माणसें एकमेकांचे जीव घेत होतीं, तेथेंही ते चालतच गेले. १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें हरिजनांनीं पोटापुरती ८० एकर जमीन मागितली. विनोबांनीं गांवकऱ्यांना विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी नांवाच्या गृहस्थानें १०० एकर देऊं केले. भूदानाला आरंभ झाला तो असा.

त्यानंतरची मागणी ऐकण्यासारखी आहे. तुम्हांला पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या, असें ते जमीनदाराला म्हणत. आई गमावलेला हा मुलगा गांवोगांव परक्या घरांत मुलाच्या नात्यानें उभा राहिला, आणि हातीं आलेला वांटा त्यानें भूमिहीनांच्या पदरीं घातला. यात्रेला आईचें नांव नव्हतें. पण गागोद्याचा फणस ज्या रीतीनें वांटला जाई तीच ही रीत.

टीका झाली, आणि ती बरीचशी खरी होती. एकूण ४० लाखांहून अधिक एकरांचें दान नोंदलें गेलें. पण त्यांत खडकाळ, नापीक आणि वादांत अडकलेली जमीन पुष्कळ निघाली. मोठा भाग वांटलाच गेला नाहीं. कांहीं दात्यांनीं, स्पष्ट बोलावयाचें तर, घरांतलें निरुपयोगी सामान भिक्षेकऱ्याच्या झोळींत टाकावें तसें केलें. अपात्र याचकाची गोष्ट रुक्मिणीबाईंनीं शिकविली होती. अपात्र दात्याचें काय करावें, हा प्रश्न मुलाच्या वांट्याला आला. तरीही ज्या मजुराच्या नांवें दोन एकर कसदार जमीन चढली, त्याच्या घरीं हा हिशेब वेगळा मांडला जातो.

१२ सप्टेंबर १९५१ रोजीं विनोबा पुन्हा निघाले, ते दिल्लीकडे. आणि मग बहुतेक सारा भारत पायांखालीं घालीत राहिले. धाम नदीकांठच्या पवनारला ते परतले १० एप्रिल १९६४ रोजीं. तोंवर वयाचें अडुसष्ट सरत आलें होतें. दानपत्रांचे गठ्ठे मात्र वांटपाची वाट पाहत प्रांतोप्रांतीं मागें राहिले होते.