वृक्षांचे आधारदोर व ते ताणण्याचीं साधनें

जुन्या घराच्या आवारांत एखादा मोठा वर्षावृक्ष असावा, जमिनीपासून आठदहा फुटांवर त्याचें खोड दुभंगून दोन सारख्या जाडीचीं खोडें वर गेलेलीं असावीं, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यांत त्या बेचक्यांतून करकर असा आवाज यावा, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खालून मुलें जातात, झाड तोडा. दुसरा म्हणतो, आजोबांनीं लावलेलें झाड आम्ही तोडूं देणार नाहीं. शिवाय महाराष्ट्रांतील शहरांत १९७५ च्या कायद्यान्वयें झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती गोष्ट वेगळीच. या दोन पक्षांच्या मधें एक तिसरा मार्ग आहे. दोन्ही खोडें वरच्या अंगास पोलादी दोरानें एकमेकांस जखडून ठेवणें, हा तो मार्ग; आणि तो दोर कोणत्या साधनानें ताणावा, याविषयीं आज मी बोलणार आहें.

प्रथम दोराची जागा. बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीचे तीन भाग कल्पावे व खालून दोन भाग संपतात त्या सुमारास दोर बांधावा. तरफेचा नियम श्रोत्यांना शाळेंतला आठवत असेल. टेकूपासून अंतर दुप्पट झालें कीं तेंच काम निम्म्या जोरांत होतें. बेचक्यापासून दहा फुटांवरील दोरास जो ताण सोसावा लागेल, त्याच्या निम्मा वीस फुटांवरील दोरास पुरतो. याहून फार वर जावें तर लाकूड बारीक होतें. दोराचा फांस मात्र खोडाभोंवतीं कधींहि आवळूं नये. झाड पानांत तयार झालेलें अन्न सालीच्या आंतल्या थरांतून खालीं नेतें, आणि वाढत्या खोडांत फांस रुतला कीं ती वाट बंद होते. त्यापेक्षां गिरमिटानें निरोगी लाकडांत आरपार भोंक पाडून डोळ्याचा बोल्ट घालावा. त्या जखमेस झाड हळूहळू नव्या लाकडानें वेढून घेतें.

आतां ताणाविषयीं. दोर सरळ राहील, त्यास झोळ पडणार नाहीं, इतकाच ताण हवा. सैल दोर वावटळींत एकदम झटका खातो, आणि तुटतात ते दोर बहुधा झटक्यानें. फाजील आवळलेला दोर बोल्टांवर व लाकडावर विनाकारण रात्रंदिवस भार ठेवतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, झाड वाऱ्यानें थोडें हललें तरच त्याचें खोड जाड व बळकट होतें. जपानांत कानाझावा येथील केनरोकुएन उद्यानांत बर्फाच्या भारानें पाइनच्या फांद्या मोडूं नयेत म्हणून मधल्या उंच खांबापासून छत्रीच्या काड्यांप्रमाणें दोर सोडतात. तें काम माळी नुसत्या हातानें करतात. आपल्या दोन खोडांस हात पुरत नाहींत, हें खरें. पण आपणांस लागणारा जोर लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी असतो.

असें असतां बाजारांत गेलेला गृहस्थ सर्वांत बलवान् यंत्र मागतो! मोटारगाडी चिखलांतून ओढणारें यंत्र झाडास लावलें, तर बेचकें वांचविण्याऐवजीं वरचें खोडच मोडावयाचें. कारखान्यांतील सांखळीची कप्पी ओझें सरळ वर उचलण्यासाठीं केलेली असते. आडवी धरली कीं तिची हातसांखळी चाकावर नीट बसत नाहीं. दोर व दोनदोन चाकांच्या कप्प्या हें जुनें साधन मला आवडतें, कारण ताण किती आहे हें त्यांत हाताला कळतें. हिशेबानें जोर चौपट, त्यांतला कांहीं घर्षणांत जातो. परंतु धरणाऱ्याचा हात निसटला कीं सर्वच निसटतें. दोराच्या मधें बसविण्याचा टर्नबकल पुष्कळांस सोयीचा वाटतो. त्याची धांव थोडी, वाऱ्याच्या कंपानें तो उलगडतो, आणि मुख्य म्हणजे पिळण्याजोगी वस्तु हातीं असली कीं दर वर्षीं कोणीतरी ती पिळतोच. मी तरी तो लावणार नाहीं.

माझी पसंती दांड्यानें चालणाऱ्या लहान सांखळीकप्पीस, जिला दुकानदार लिव्हर हॉइस्ट म्हणतात. ती आडवी, तिरपी, कशीहि चालते. ताण दिला तिथें थांबते. आणि सोडतांनाहि थोडथोडा सोडतां येतो. स्वस्त रॅचेट पुलरमधें हें सोडण्याचेंच काम अवघड, भाराखालीं त्याचा दांता एकदम उसळतो. पाऊण टनाची घ्यावी. तीन टनांची वर चढविणेंहि कठीण व तिच्या दांड्यास हाताचा अंदाज राहत नाहीं.

ही कप्पी दोरास लावावयाची नाहीं. बोल्टांच्या जवळ दोन्ही खोडांस रुंद कापडी पट्टे घालून त्यांच्यामधें ती लावावी, खोडें बोटभर दोन बोटें जवळ आणावीं, दोर हातानेंच सरळ करून पक्का करावा, मग कप्पी सावकाश सोडावी. खोडें आपल्या जागीं परततांना दोर आपोआप तंग होतो. हें सारें झाडावर काम करण्याची संवय असलेल्या व कमरेस सुरक्षादोर बांधलेल्या माणसाचें काम आहे. घरच्या मंडळींनीं खालीं, व तेंहि दूर, उभें राहावें.

भर पानांच्या दिवसांत बांधलेला दोर पानगळींत किंचित् सैल दिसेल. फांद्या हलक्या झाल्यामुळें तें होतें, म्हणून तो लगेच आवळूं नये. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं जाणकाराकडून बोल्ट, गंज व बेचक्याची भेग पाहून घ्यावी. कांहीं वर्षांनीं झाड उंच वाढून दोर फार खालीं पडला, तर नवा दोर वर पक्का झाल्यावरच जुना उतरवावा.