आकडा, आलेख आणि विश्वास : संवादी आलेखांच्या रचनेतील अडचणी व उपाय



नियोजन, अर्थसंकल्प, जनगणना, सार्वजनिक आरोग्य ही सारी क्षेत्रे आकडेवारीवर उभी आहेत. एके काळी ही आकडेवारी जाडजूड अहवालांच्या परिशिष्टांत बंदिस्त असे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय विदा सामायिकीकरण व सुलभता धोरण स्वीकारले, शासकीय विदेचे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले आणि सामान्य नागरिकालाही हे आकडे खुले होऊ लागले. तथापि आकडे खुले होणे आणि ते समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील पूल म्हणजे संवादी आलेख. वाचकाने जिल्हा निवडला, कालावधी बदलला किंवा एखाद्या बिंदूला स्पर्श केला की त्यानुसार बदलणाऱ्या आलेखास संवादी आलेख म्हणतात.

या विषयाची चर्चा बेंगळुरूत होणे औचित्यपूर्ण आहे. पल्लव नधानी यांनी २००२ मध्ये कोलकात्यात सुरू केलेल्या आणि पुढे बेंगळुरूतही कार्यालय थाटलेल्या फ्यूजनचार्ट्स या उद्योगाने भारतीय आलेख-प्रणाली जगभर पोहोचविली. डेटामीट हा खुल्या विदेचा पुरस्कार करणारा नागरिकांचा गटही २०११ पासून याच शहरात रुजला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी डी-थ्री ही जावास्क्रिप्टवर आधारित आलेख-प्रणाली जगाला खुली केली. सुरुवातीचे बहुतेक संवादी आलेख फ्लॅश या तंत्रावर चालत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपुष्टात आला आणि ज्या संस्थांनी वेळीच बदल केला नव्हता त्यांचे आलेख कोरे पडले. सार्वजनिक माहिती एकाच खासगी तंत्रावर विसंबून ठेवू नये, हा त्यातील पहिला धडा होय.

आकडा वाचतानाच होणारी चूक

आलेख चुकतो तो बहुधा रेखाटनात नव्हे, तर त्याआधीच्या वाचनात. संगणकाच्या दृष्टीने फाइलमधील आकडा हा प्रथम केवळ अक्षरांचा समूह असतो. त्याचे संख्येत रूपांतर केले नाही तर क्रमवारी लावताना ‘१००’ हा ‘९’ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षराची होते. स्वल्पविराम असलेला आकडा अधिक घातक ठरतो. जावास्क्रिप्टमधील एक प्रचलित आज्ञा ‘१,४०९’ वाचताना स्वल्पविरामाशी थांबते आणि उत्तर ‘१’ देते. कोणताही दोषसंदेश येत नाही आणि आलेख सुबकपणे रेखाटला जातो. म्हणून स्वल्पविराम आधी काढणे, रूपांतर काटेकोर आज्ञेने करणे आणि एकूण बेरीज मूळ तक्त्याशी ताडून पाहणे हा क्रम पाळला पाहिजे. देवनागरी अंक असतील तर तेही आधी बदलून घ्यावे लागतात.

रिकामी जागा आणि शून्य यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. एखाद्या जिल्ह्याने एका दिवसाचा अहवाल पाठविला नाही, तर त्या दिवशी तेथे एकही रुग्ण नव्हता असा अर्थ होत नाही. मात्र अनेक आज्ञावल्या रिकाम्या जागेचे शून्य करतात आणि रेषा तळाशी कोसळते. अशा ठिकाणी रेषा खंडित ठेवणे हेच प्रामाणिक होय.

दिनांकाचा घोळ

जावास्क्रिप्टमध्ये महिन्यांची गणना शून्यापासून सुरू होते. त्यामुळे सहावा महिना म्हणून ६ हा अंक दिल्यास जूनऐवजी जुलै मिळतो. भारतात दिवस-महिना-वर्ष, तर अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष असा क्रम रूढ असल्याने ०६/०७/२०२० ही तारीख ६ जुलै की ७ जून, हे संगणक स्वतःच्या समजुतीने ठरवितो.

तिसरी अडचण भारतीय प्रमाणवेळेची आहे. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. भारतात १७ जूनची मध्यरात्र होते तेव्हा जागतिक वेळेनुसार १६ जूनचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. स्थानिक मध्यरात्र जागतिक वेळेत रूपांतरित करून केवळ तारखेचा भाग उचलला, की प्रत्येक आकडा एक दिवस मागे सरकतो. दैनंदिन आकड्यांना वेळेची जोडच न देणे आणि वर्ष-महिना-दिवस या निःसंदिग्ध क्रमात तारीख साठविणे, हा यावरील साधा उपाय आहे.

नावे, सीमा आणि नकाशे

नकाशावर आकडे दाखविताना दोन याद्या जोडाव्या लागतात : एक सीमांची, दुसरी आकड्यांची. ही जोडणी नावावरून केली की अडचणी सुरू होतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. बेळगावचे बेळगावी, गुलबर्ग्याचे कलबुर्गी, विजापूरचे विजयपुरा झाले. जुना नकाशा आणि नवी आकडेवारी एकत्र आली की हे जिल्हे कोरे दिसतात. त्याहून बिकट प्रश्न समान नावांचा आहे. विजापूर या नावाचे इंग्रजी लेखन छत्तीसगडमधील एका जिल्ह्याच्या नावाशी तंतोतंत जुळते. महाराष्ट्रातील औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले, परंतु बिहारमधील औरंगाबाद जिल्हा आहे त्याच नावाने राहिला. नावावर विसंबलेली आज्ञावली एका राज्याचे आकडे दुसऱ्या राज्यात निःशंकपणे रंगविते. म्हणून जनगणनेचे संकेतांक किंवा पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वापरूनच जोडणी करावी. नाव केवळ दाखविण्यासाठी असावे.

सीमा बदलतात तेव्हा संकेतांकही पुरेसा ठरत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या आलेखात ठाण्याची रेषा घसरलेली दिसली, तरी कोणी घर सोडून गेले असा त्याचा अर्थ नाही. बेंगळुरू महापालिकेच्या २०१० व २०१५ च्या निवडणुका १९८ प्रभागांत झाल्या. २०२२ च्या पुनर्रचनेत प्रभाग २४३ झाले, २०२३ मध्ये ते २२५ ठरले आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी एकाच महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. आपल्या प्रभागातील पाणीपुरवठा सुधारला की बिघडला, हे पाहू इच्छिणाऱ्या नागरिकापुढे अशा वेळी तुलनेचा आधारच उरत नाही. यासाठी प्रत्येक सीमेसोबत ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होती याची नोंद ठेवावी आणि बदलाच्या जागी आलेखावर उभी रेषा आखून कारण नमूद करावे.

एका दिवसाचे २,००३ मृत्यू

मार्च २०२० मध्ये देशभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी ‘कोविड-१९ इंडिया’ हे संकेतस्थळ सुरू केले. राज्यांची दैनिक पत्रके वाचून ते आकडे एकत्र करीत, आलेख मांडीत आणि मूळ विदा सर्वांना खुली ठेवीत. हे काम ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालले. राज्याराज्यांची पत्रके भिन्न स्वरूपांची असत. काही छायाचित्रांच्या रूपात येत, काही समाजमाध्यमांवरून प्रसृत होत. परिणामी आलेखाचे बरेचसे श्रम रेखाटनापूर्वीच खर्ची पडत.

१७ जून २०२० रोजी देशात एका दिवसात २,००३ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्राचे १,४०९ होते, परंतु त्यातील १,३२८ मृत्यू आधीच्या काळातील असून पडताळणीनंतर एकदम नोंदविण्यात आले होते. दिल्लीच्या आकड्यातही जुन्या नोंदींचा समावेश होता. जून २०२१ मध्ये बिहारने ३,९५१ जुन्या मृत्यूंची भर घातली आणि १० जून रोजी देशाचा दैनिक आकडा ६,१४८ वर पोहोचला. आलेख पाहणाऱ्याला वाटले असते की साथीने एका रात्रीत उग्र रूप धारण केले. वास्तविक त्या दिवशी बदलली होती ती नोंद.

आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे अशा वेळी तीन मार्ग असतात. शिखर तसेच ठेवले तर वाचकाची दिशाभूल होते. ते काढून टाकले तर मृतांची संख्या कमी होते आणि ज्या कुटुंबांची नोंद आधीच उशिरा झाली, त्यांना पुन्हा एकदा वगळले जाते. जुने मृत्यू त्यांच्या खऱ्या तारखांवर नेणे हा उत्तम मार्ग होय, परंतु त्या तारखा उपलब्ध असतील तरच तो शक्य होतो. त्या नसतील तेव्हा शिखर कायम ठेवून त्यास वेगळा रंग द्यावा व टिपेत कारण सांगावे. सात दिवसांची सरासरी दाखविल्याने प्रश्न सुटत नाही. शिखर केवळ सात दिवसांवर पसरते.

अक्षाची निवड

वेगाने वाढणाऱ्या संख्येसाठी लघुगणकीय अक्ष उपयुक्त असतो, कारण त्यावर दुपटीचे अंतर सर्वत्र समान दिसते. तथापि शून्याला आणि ऋण संख्येला त्यावर स्थान नाही. एखाद्या राज्याने आपला एकूण आकडा कमी केला की त्या दिवसाची संख्या ऋण होते आणि रेषा नाहीशी होते. असा दिवस आधीच ओळखून तेथे साधा अक्ष वापरावा. स्तंभालेखाचा अक्ष मात्र नेहमी शून्यापासूनच सुरू व्हावा, अन्यथा किरकोळ फरक प्रचंड भासतो.

वृद्धिदराच्या आलेखाबाबत परीक्षार्थींनी विशेष सावध असावे. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत स्थिर किमतींनुसार स्थूल देशांतर्गत उत्पादन ३५.६६ लाख कोटी रुपये होते. २०२० च्या त्याच तिमाहीत ते २६.९५ लाख कोटींवर आले आणि २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटी झाले, असे ऑगस्ट २०२१ च्या अंदाजात नमूद होते. केवळ वृद्धिदर दाखविला तर आधी उणे २४.४ टक्के व नंतर अधिक २०.१ टक्के असे दोन स्तंभ दिसतात आणि घट जवळजवळ भरून निघाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात उत्पादन २०१९ च्या पातळीपेक्षा सुमारे ९ टक्के कमीच होते. पाया लहान झाला की त्यावरील टक्केवारी मोठी दिसते. पातळी व दर यांत अदलाबदल करण्याची सोय वाचकास देणे, हा संवादी आलेखाचा खरा लाभ आहे. आधारवर्ष बदलते तेव्हाही हीच दक्षता हवी. जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष २००४-०५ ऐवजी २०११-१२ झाले. या दोन मालिका एकाच अखंड रेषेने जोडणे अशास्त्रीय ठरते.

वाचकाच्या हातातील आलेख

संवादी आलेखाची माहिती बहुधा माउस बिंदूवर नेला की उमटते. भ्रमणध्वनीवर माउस नसतो. म्हणून स्पर्शानेही तीच माहिती मिळावी आणि महत्त्वाचे आकडे मुळातच आलेखावर लिहिलेले असावेत. हजारो बिंदूंपैकी प्रत्येकास स्वतंत्र घटक बनविले तर साधा संच मंदावतो. अशा वेळी आधी बेरीज करून बिंदू कमी करणे किंवा सर्व बिंदू एकाच चित्रफलकावर रेखाटणे इष्ट असते.

वाचकाने आधी बेळगावी आणि लगेच पुणे निवडले, परंतु बेळगावीची माहिती उशिरा पोहोचली, तर शीर्षक पुण्याचे आणि स्तंभ बेळगावीचे अशी स्थिती उद्भवते. प्रत्येक मागणीस क्रमांक देऊन जुन्या मागणीचे उत्तर टाकून दिल्यास हा दोष टळतो.

अनेक आलेख-प्रणाली मोठे आकडे दशलक्षांत दाखवितात. भारतीय वाचकाला लाख-कोटी अभिप्रेत असतात. ब्राउझरमध्ये मराठी-भारत हा भाषासंकेत दिल्यास देवनागरी अंक व लाख-कोटींची विभागणी सहज मिळते. लाल-हिरव्या रंगांतील भेद न ओळखणाऱ्यांसाठी रंगासोबत आकृती किंवा अक्षरे द्यावीत. दृष्टिहीन वाचकासाठी आलेखाखाली तीच माहिती तक्त्यात असावी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ संमत झाल्यानंतर अशी सुलभता हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.

समारोप

वरील बहुतेक दोषांत संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. आलेख रेखाटला जातो, सुंदर दिसतो आणि चुकीचा असतो. म्हणून आलेख प्रसिद्ध करण्यापूर्वी बेरीज जुळते का, पहिली व शेवटची तारीख बरोबर आहे का, कोरे जिल्हे का कोरे आहेत आणि अचानक आलेल्या शिखराचे कारण काय, हे चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. परीक्षेत अथवा पुढे प्रशासनात समोर आलेला आलेख वाचतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. लोकशाहीत आकड्यांवरून निधी ठरतो, धोरण ठरते, उत्तरदायित्व ठरते. आलेखातील प्रत्येक बिंदूमागे माणसे असतात आणि ती योग्य जागी, योग्य तारखेला आणि योग्य संख्येने मोजली जावीत, ही आलेख रचणाऱ्याची जबाबदारी आहे.