एका रात्रीची किल्ली

(खोडद, ता. जुन्नर येथे बचत गटातील महिला व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे झाडाखाली उभे राहून ऐकणाऱ्या भावांनो,

मला विषय दिला आहे ‘महिला आणि रोजगार’. या विषयावर आपण नेहमी कर्जाचे बोलतो, प्रशिक्षणाचे बोलतो, मालाला गिऱ्हाईक कुठे मिळेल याचे बोलतो. आज मी फार साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. कामासाठी परगावी गेलेल्या बाईने रात्री झोपायचे कुठे?

आधी एक प्रश्न विचारते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर खोली घेऊन एक तरी रात्र ज्यांनी काढली असेल त्यांनी हात वर करा. एक... दोन. दोनच हात, आणि त्यातला एक माझा.

आपण घराबाहेर राहतच नाही असे नाही. माहेरी राहतो. बाळंतपणाला जातो. लग्नकार्याला जातो. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवले की त्यांच्या खाटेखाली चटई टाकून आठ-आठ दिवस काढतो. वारीत तर उघड्या माळावर झोपतो. शेजारच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. फडातल्या बाया अर्धे वर्ष गावोगाव मुक्काम करतात आणि वर लोकांची बोलणी खातात. म्हणजे बाई घराबाहेर राहते, पण कुणाची तरी लेक म्हणून, सून म्हणून, आई म्हणून, नाहीतर दिंडीतली किंवा फडातली म्हणून. ‘मी माझ्या कामाला आले आहे, मला एक खोली द्या, हे पैसे घ्या,’ असे म्हणून किल्ली हातात घ्यायची वेळ आपल्यावर येतच नाही. आली तर काय होते, ते सांगते.

आपल्या तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. आयटीआय केलेली, हुशार मुलगी. भोसरीच्या एका कारखान्यात भरती निघाली. पहिल्या दिवशी लेखी परीक्षा, दुसऱ्या दिवशी मेडिकल, तिसऱ्या दिवशी कागदपत्रे. तिन्ही दिवस सकाळी सातला गेटवर हजर राहायचे. इथून पहिली गाडी धरली तरी सातला भोसरी गाठता येत नाही. शहरात नातेवाईक नाहीत. तिच्याबरोबरच्या मुलांनी चौघांत मिळून एक खोली घेतली आणि तीन दिवस काढले. ती मला विचारायला आली. मी अगदी सहज म्हणाले, “अगं, त्यात काय एवढं? तू पण एक खोली घे. शहर आहे ते. घाबरतेस कशाला?”

तिने माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, “ताई, लॉजवर?”

त्या एका शब्दात सगळे आले. आपल्या भाषेत ‘तो लॉजवर उतरला’ म्हटले की तो कामाला गेला होता. ‘ती लॉजवर गेली’ म्हटले की झाले, पुढचे काही सांगावे लागत नाही. शब्द तोच, कृती तीच. फरक फक्त बाईचा. मुलगी भरतीला गेली नाही. घरच्यांनी अडवलेसुद्धा नाही, अडवायची वेळच आली नाही. आज ती नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायला जाते. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तिची नोकरी परीक्षेत गेली नाही, ती मुक्कामापायी गेली.

मी समाजकार्यात एम. ए. केलेली बाई. मला वाटले, ही मुलगी उगाच भिते आहे. मग वर्षभराच्या आतच माझ्यावर पाळी आली. पिंपरी-चिंचवडला दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. राहण्याची सोय ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरी ऐनवेळी आजारपण निघाले. संध्याकाळी साडेसात वाजता हातात पिशवी घेऊन मी रस्त्यावर उभी.

पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे बघितले. मागे कोणी नव्हते. “जेंट्स कोण आहे बरोबर?” कोणी नाही म्हटल्यावर, “सिंगल लेडीजला देत नाही.” दुसऱ्या ठिकाणी आधी “खोली आहे” म्हणाले, आणि मी एकटी आहे हे कळल्यावर “फुल आहे” म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी मला ओळखपत्र मागितले. दिले. मग संस्थेचे पत्र मागितले. तेही दिले. मग म्हणाले, “मिस्टरांना फोन लावून द्या.” मी विचारले, “आताच तो गृहस्थ किल्ली घेऊन वर गेला, त्याच्या बायकोला फोन लावलात का?” त्यावर तो हसला. चिडला नाही, हे मुद्दाम सांगते. त्याला खरेच गंमत वाटली.

चौथ्या ठिकाणी खोली मिळाली. बाराशे रुपये. फार भारी नाही, फार हलकेही नाही, असे हॉटेल. कारखान्यांना सुटे भाग विकणारे, मशीन दुरुस्तीला आलेले, अशा लोकांसाठी चालणारे. खाली परमिट रूम, वर खोल्या. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली, मागोमाग मोठे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर अशी हॉटेलेही आली. ही सगळी व्यवस्था गृहीत धरते की कामाला येणारा माणूस पुरुष असतो. रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘पती किंवा वडिलांचे नाव’ असा रकाना होता. येण्याचे कारण मी ‘काम’ लिहिले. मॅनेजर म्हणाला, “कसलं काम ते लिहा मॅडम.” वरच्या दहा ओळींत दहा पुरुषांनी नुसते ‘काम’ लिहिले होते.

जेवायला खाली गेले तर वेटर म्हणाला, “मॅडम, फॅमिली रूममध्ये बसा.” मी एकटी! पण बाई म्हटली की ती फॅमिली. आणि वर खोली मागायला गेली की फॅमिली कुठे आहे म्हणून विचारतात!

खोलीची आतली कडी अर्धवटच लागत होती. मी टेबल ओढून दाराला लावले. साडेअकराला फोन वाजला, “मॅडम, काही पाहिजे का?” नको म्हटले. पाऊण तासाने परत तेच. मग दारावर टकटक, आणि पावले निघून गेली. सकाळपर्यंत काही झाले नाही. पण काही होत नाही ना, हे बघण्यातच माझी रात्र गेली. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणात मला झोप आवरत नव्हती. शेजारचा सहकारी, त्याच रस्त्यावर निम्म्या भाड्यात उतरलेला, ताजातवाना होता. म्हणजे पैसे मी जास्त मोजले आणि झोप त्याला मिळाली.

सकाळी खोली साफ करायला एक मावशी आल्या. दाराला लावलेले टेबल बघून त्यांनी काही विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, “कडी चार महिने झाले सांगते मी.” आम्ही दोघींनी मिळून टेबल जागेवर ठेवले. त्या मराठवाड्यातून आलेल्या, ठेकेदाराकडून कामाला. दिवसभर चादरी बदलायच्या, मोऱ्या घासायच्या. मी म्हटले, “मावशी, बसा जरा.” त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, दारात उकिडव्या बसल्या. बोलता बोलता कळले की त्या हॉटेलात बावीस खोल्या आहेत आणि बावीस संडास. मावशी ते सगळे घासतात, आणि त्यांना वापरायला त्यातला एकही नाही. खाली पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोकांचा आहे, तिथे त्या जात नाहीत. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

मैत्रिणींनो, मी रात्रभर माझ्यावरच्या अन्यायाचा विचार करत होते. सकाळी कळले की त्याच भिंतींच्या आत माझ्याहून जास्त सोसणारी बाई रोज आठ तास असते. मला एक रात्र खोली द्यायला ते कचरले. तिला रोज बावीस खोल्यांत पाठवतात, एकटीला, आत कोण आहे याची चौकशी न करता. तेव्हा कोणाला तिच्या सुरक्षेची काळजी वाटत नाही. म्हणून ‘बाईच्या सुरक्षेसाठी खोली देत नाही’ हे मला खरे वाटत नाही.

हॉटेलवाल्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, “धाड पडली तर आमचे लायसन्स जाते.” ज्याला आपण पीटा म्हणतो तो कायदा १९५६ चा. तो कुंटणखाना चालवणाऱ्याला, त्यासाठी जागा देणाऱ्याला शिक्षा करतो. एकट्या बाईला खोली देऊ नका असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पण धाडींची भीती खोटी नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांत राजीखुशीने उतरलेल्या जोडप्यांना पोलिसांनी धरले होते. अशी कारवाई झाली की त्याची किंमत शेवटी एकटी बाई मोजते.

आता आपली राज्यघटना काय म्हणते? कलम १५ चा दुसरा भाग घरी जाऊन जरूर वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत मज्जाव करता येणार नाही, असे तिथे स्पष्ट आहे. हॉटेल हा शब्द घटनेत आहे, आणि त्याच वाक्यात लिंग हा शब्दही आहे.

घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मुक्काम नाकारला जाणे म्हणजे काय, ते त्यांनी स्वतः भोगले होते. १९१७ साली परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. तेवढा शिकलेला माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत निघाला. हाताशी आलेली नोकरी मुक्कामापायी गेली. आपल्या मुलीची गोष्ट आठवते ना? दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. जातीचा दाह वेगळाच असतो. आणि जी बाई दलित आहे तिला दोन्ही सोसावे लागते. रजिस्टरात आडनाव वाचले जाते, तेव्हा काउंटरवरचा चेहरा दोनदा बदलतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात मज्जाव केला तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. बाई म्हणून नाकारले तर तशी थेट शिक्षा सांगणारा कायदा नाही. ती मागणी आपण केली पाहिजे.

आणखी एक कायदा माहीत असू द्या. राजस्थानातल्या भँवरीदेवी या साथिनीवर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर स्त्री संघटना कोर्टात गेल्या. त्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात नोकरीच्या कामासाठी जिथे जिथे जावे लागते ती जागाही कामाची जागाच धरली आहे. म्हणजे प्रशिक्षणासाठी पाठवलेली बाई हॉटेलात छळली गेली, तर ‘ते ऑफिसच्या बाहेर घडले’ असे मालकाला म्हणता येणार नाही. आणि खोल्या साफ करणाऱ्या मावशींसाठीही तो कायदा आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धे तिकीट झाले. चांगलेच झाले. पण अर्ध्या तिकिटावर गेलेल्या बाईने दिवस मावळायच्या आत परत यायचे, हे ठरलेलेच. मुक्कामाची एसटी रात्री गावात थांबते, सकाळी निघते. एसटीलासुद्धा मुक्काम आहे. आणि समोर बघा, या आपल्या खोडदच्या दुर्बिणी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा या परिसरात आणि बाकीच्या दूरवर पसरलेल्या. तिथे संशोधनाला बाहेरून माणसे येतात, बायाही येतात, आणि त्यांच्या राहण्याची सोय केलेली आहे. काम महत्त्वाचे मानले की मुक्कामाची सोय आपोआप सुचते. आपले काम महत्त्वाचे मानले जात नाही, म्हणून ती कोणाला सुचत नाही.

मग करायचे काय? चार गोष्टी सुचवते, तुम्ही भर घाला.

एक, प्रत्येक गटाने मुक्कामाची वही ठेवायची. कोणत्या शहरात कुठे खोली मिळाली, किती पैसे घेतले, काय विचारले, कडी नीट लागते का. नाकारले तेही तारखेसह लिहायचे. सहा महिन्यांनी त्या वह्या घेऊन आपण कलेक्टर कचेरीत जाऊ.

दोन, नाकारले की शांतपणे म्हणायचे, “कारण लिहून द्या.” लिहून कोणी देणार नाही, पण विचारल्यावर कधी कधी खोली निघते. भीती वाटली तर ११२ ला फोन करायचा.

तीन, सकाळी सातला मुलींना गेटवर बोलावणाऱ्या कारखान्यांना पत्र द्यायचे. एकतर वेळ बदला, नाहीतर राहण्याची सोय करा.

चार, पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे मागणी करायची. परीक्षा, मुलाखत, कोर्ट, दवाखाना यासाठी आलेल्या बायांना एक-दोन रात्री राहता येईल अशी स्वस्त, स्वच्छ जागा द्या. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात महिन्याच्या हिशोबाने जागा मिळते. आपल्याला एका रात्रीचीही हवी आहे.

आणि पाचवी गोष्ट तुमच्या-माझ्या घरातली आहे. पुढच्या वेळी कोणी ‘ती लॉजवर गेली’ म्हणून हसले, तर आपण हसायचे नाही. “हो, कामाला गेली होती,” एवढेच म्हणायचे.

ती टोमॅटोचे क्रेट भरणारी मुलगी आज इथे बसली आहे. मी तिची माफी मागितली आहे. पुन्हा भरती निघेल तेव्हा तिच्याबरोबर मी जाणार आहे, तुमच्यापैकी दोघी याव्यात. काउंटरवर ‘बरोबर कोण आहे?’ विचारतील. तिने सांगायचे, “मी आहे. खोली माझ्या नावावर लिहा.”

कोण कोण येणार, हात वर करा बघू.