श्वासाची राखण
(महोत्सव सभेतील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. तरी या विषयावर उभे राहिलो, त्याला कारण आमच्या अम्मांचे आजारपण. २०२१ साली त्या घरी तापाने पडल्या होत्या. आम्ही तासातासाला बोटाला ऑक्सिमीटर लावीत होतो आणि ९५ आकडा पाहून निर्धास्त होत होतो. शेजारच्या परिचारिका बाईंनी मात्र घड्याळ हाती घेऊन छातीची हालचाल मोजली. मिनिटाला ३४ श्वास! स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाला १२ ते २० पुरतात. त्याच संध्याकाळी अम्मांना इस्पितळात नेले. म्हणून आज त्या समोर बसल्या आहेत.

१९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखले की, ऑक्सिजन देऊनही रुग्णाच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड कोंडत आहे. २७ ऑगस्ट रोजी त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास चालविला. मुलगी जगली. यंत्रे थोडी, रुग्ण फार. तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबल्या. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. पुढे १९५३ अखेर इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग उभारला.

आजही ऑक्सिमीटर कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडची खबर देत नाही. बोटे गार असली तर आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर कधी खऱ्याहून जास्तही दिसतो. रुग्ण गुंगीत आहे, वाक्य पुरे करताना धाप लागते, हे बघायला माणूसच हवा.

आपल्या ट्रस्टच्या कपाटात त्या वर्षीची ऑक्सिजन-यंत्रे धूळ खात आहेत. त्या वेळी देणगी देणारे पुष्कळ मिळाले, रात्री उशाशी बसणारे थोडे. त्यांत आम्हीही होतो, हे कबूल करतो. या महोत्सवानिमित्त आमची विनंती एवढीच : यंत्रे तपासून घ्यावीत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत, आणि प्रत्येक गल्लीतील दोन तरुणांना श्वास मोजण्यास व वहीत वेळेसह नोंद करण्यास शिकवावे. शिकविण्यासाठी आमच्या शाळेतील वर्ग रविवारी मोकळा आहे. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.