पुस्तकाचे कप्पे

कविता लिहिणाऱ्याला आराखडा लागत नाही. निदान मला तीस वर्षांत कधी लागला नाही. ओळ येते, तिच्यामागून दुसरी येते, नाही आली तर गप्प बसायचं. पण वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानावर गद्य पुस्तक लिहायला घेतलं आणि माझी पंचाईत झाली. आम्ही सोलापूरचे मणियार. वहीच्या दोन पानांवर आराखडा केला होता. नऊ प्रकरणं, प्रत्येकाखाली चार-पाच मुद्दे, आणि वर नाव, 'अब्बांचं दुकान'. मजकूर मात्र संगणकावरच्या एकाच लांबलचक फाइलीत. चौथ्या प्रकरणात दफन झालेला माणूस सातव्यात पुन्हा आजारी पडायचा.

मुलगी म्हणाली, "अब्बू, दादाजान सगळा माल एकाच गोणीत ठेवायचे का?"

तिनं मला 'स्क्रिव्हनर' नावाचा प्रोग्रॅम बसवून दिला. कीथ ब्लाउंट या इंग्रज गृहस्थानं स्वतःच्या लेखनाच्या गरजेतून तो तयार केला आणि २००७ साली बाजारात आणला. ३० दिवस फुकट वापरता येतो, आणि मोजतात ते फक्त उघडल्याचे दिवस. कवीला एवढी उसंत पुरते.

आधी फॉन्टनं छळलं. जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. रूपांतर केलं की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची, रफार गायब. तीन आठवडे त्यातच गेले. त्याविषयी जास्त बोलत नाही, अजून राग येतो.

पुढचं काम सोपं होतं. वर्डमध्ये प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' आणि मुद्द्याला 'हेडिंग २' ही शैली द्यायची. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक करून भागत नाही, ते शीर्षक आहे हे यंत्राला कळत नाही. मग ती फाइल स्क्रिव्हनरमध्ये 'इम्पोर्ट अँड स्प्लिट' करायची. डावीकडे नऊ प्रकरणं उभी राहिली आणि त्यांच्या पोटात मुद्द्यांचे ४१ तुकडे. तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला की त्याचा मजकूर त्याच्याबरोबर जातो. 'कॉर्कबोर्ड' उघडला की प्रत्येक तुकड्याचं कार्ड दिसतं. त्यावर दोन ओळींत सारांश लिहायचा.

हा सारांश मोठा वाईट. तीन तुकड्यांवर काही लिहिताच येईना. मी तिथं नुसता छान लिहीत बसलो होतो. ते मसुद्याबाहेर ठेवले.

आणि एकेचाळीस कार्डांत अम्मीच्या नावाचं एकही नव्हतं.

'अम्मी' हा शब्द शोधला. २६ तुकड्यांत सापडला. ते सगळे एकाखाली एक लावून वाचता येतात, तसे एका रात्री वाचले. गल्ल्यावर अब्बा बसत. पण लग्नाचा चुडा भरायला घरोघर जायची ती अम्मी. हात पाहूनच सांगायची, दोन-चार की दोन-सहा. नवरीला म्हणायची, "हात सैल सोड गं बाई." बांगडी 'फुटली' असं ती कधी म्हणाली नाही, 'वाढवली' म्हणायची. जिथं चुडा भरला त्या घरची सून विधवा झाली, तर त्या गल्लीतून जाताना अम्मी टोपली पदराखाली झाकून घ्यायची.

हे वाक्य मी दुकानाच्या भाड्याचा दावा आणि विजेचं बिल यांच्या मधे लिहिलं होतं. लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता प्रकरणं सात झाली आहेत. टोपलीचं प्रकरण पहिलं ठेवलंय. त्यात अजून मजकूर नाही, कार्डावर दोन ओळी तेवढ्या आहेत. पुस्तकाचं जुनं नाव पुसलं, नवं लिहिलेलं नाही. अम्मीबरोबर आषाढीला पंढरपुरात बांगड्या विकायला थोरली आपा जायची, मी कधी गेलो नाही. तिला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आ जा, पन वो मशीन नक्को ला."

पुढच्या आठवड्यात वही घेऊन जातोय.