बर्फाखालचे स्पंज जगतात कशावर?

आज आपण उत्तर ध्रुवाजवळ जाणार आहोत. 2016 साली ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज तिथल्या लँगसेथ नावाच्या, समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेवर पोहोचलं. वर बारमाही बर्फ, खाली काळोख. कॅमेरा खाली सोडला, तर काय? डोंगरमाथे स्पंजांनी भरलेले! काही तर 1 मीटर रुंद. सरासरी वय 300 वर्षं!

आता सांगा, हे खातात काय? बर्फामुळे वरून अन्न फारच थोडं येतं.

उत्तर 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. स्पंजांच्या खाली रिकाम्या नळ्यांचा जाड थर होता. 2,000 ते 3,000 वर्षांपूर्वी, तिथला ज्वालामुखी जागा होता तेव्हा त्या नळ्यांत किडे राहायचे. किडे गेले, अवशेष राहिले. स्पंज आज त्यावर जगतात.

पण असलं जुनं, चिवट अन्न पचवायचं कसं? इथे कामाला येतात स्पंजाच्या अंगात राहणारे जिवाणू. ते हे अवशेष फोडतात, त्यातून स्पंजाला पोषण मिळतं. गाय गवत पचवते ती पोटातल्या जिवाणूंच्या जोरावर. तसंच काहीसं हे.

त्या भागात व्यापारी मासेमारी सुरू करायची नाही, असा आंतरराष्ट्रीय करार 2021 पासून लागू आहे. चांगली गोष्ट! पण समुद्र तापतोय, बर्फ आटतोय, आणि त्याला करार कळत नाही. म्हणून मंडळी, स्पंज वाचवायचा म्हणजे त्याच्या पोटातलं हे बिऱ्हाडही वाचवायचं.